होंडा सिटी २०१७: गाडी थोडी खाली घ्यायचीय, पण मागच्या सीटवर आई-बाबांची कंबर शाबूत राहिली पाहिजे

निळी_सिटी (पुणे)

नमस्कार मंडळी. गाडी चौथ्या पिढीची सिटी, २०१७ ची झेडएक्स पेट्रोल, ८२,००० किमी. टायर कंपनीच्याच मापाचे, १८५/५५ आर१६. सस्पेन्शनला आजवर हात लावलेला नाही.

तक्रारी अशा:
सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर १५-२० च्या वेगाला पुढून डावीकडे खडखड. हायवेवर पुलाच्या सांध्यावरून गेलं की मागची बाजू दोन-तीनदा झुलते. आणि टायर-फेंडरमधल्या फटीत चार बोटं आरामात जातात, ते डोळ्यांना खुपतं.

ओळखीचा मिस्त्री म्हणतो, "मूळ स्प्रिंगचा दीड वेढा कापून देतो, अर्ध्या दिवसाचं काम." ॲक्सेसरीजवाला स्प्रिंगमध्ये घालायचे रबरी बफर गळ्यात मारतोय. मला साधारण ३५ मिमी खाली हवीय. वापर पुण्यात रोजचा, अधूनमधून कोल्हापूर, मागे बहुतेक वेळा आई-बाबा. बजेट ७० हजार.

फक्त स्प्रिंग बदलून भागेल, शॉकअपही (शॉक ॲब्सॉर्बर) घ्यावेत, की सरळ कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड)? आणि आरटीओचं काय?

---

बुशिंग_बुवा

कापाकापी आणि बफर, दोन्हींना आधी नकार कळवा. मग पुढचं बोलू.

स्प्रिंगचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि मोकळ्या वेढ्यांची संख्या. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते. सहा मोकळ्या वेढ्यांतून दीड कापला तर साडेचार उरले, म्हणजे कडकपणा एका फटक्यात ३३ टक्के वाढला, आणि शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाचाच राहिला. शिवाय कापलेलं टोक खालच्या वाटीतल्या खाचेत नीट बसत नाही. तुमच्या गाडीला मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. चाक खड्ड्यावर लटकलं की आखूड स्प्रिंग वाटीतून सुटू शकते. ते ऐंशीच्या वेगाला वळणावर झालं तर काय होईल, ते लिहायला नको. काही जण गॅसच्या बत्तीने स्प्रिंग तापवून बसवतात. ते आणखी वाईट, कारण पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग हळूहळू स्वतःच बसत जाते, चारही कोपऱ्यांत वेगवेगळी.

रबरी बफर गाडी वर उचलायला असतो. तो वेढ्यांमध्ये अडकून दोन वेढे जवळपास निकामी करतो, म्हणजे गाडी उंच आणि कडक. तुम्हाला हवं त्याच्या बरोब्बर उलट. दुकानदाराला ते माहीत नसेल असं नाही.

आता खडखड. ही लो करण्याआधीच शोधायची, नाहीतर नव्या मालावर जुना आवाज तसाच राहील. हा क्रम धरा:

१. लिंक रॉड, म्हणजे गाडीचं झुकणं रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी. छोट्या, सलग खाचांवर कमी वेगात एका बाजूने खडखड म्हणजे दहापैकी आठ वेळा हाच. खात्री करायला दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून सोसायटीतच हळू एक फेरी मारा. आवाज गेला तर गुन्हेगार सापडला. (स्टॅबिलायझर बार सुटा असताना गाडी जास्त झुकते, बाहेर रस्त्यावर नेऊ नका.)
२. स्ट्रट (पुढचा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र खांब) वर जिथे बसतो ते माउंट आणि त्याचं बेअरिंग. गाडी उभी, हात पुढच्या स्प्रिंगवर, दुसऱ्याने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. बेअरिंग ठीक असेल तर स्प्रिंग सलग फिरते. अडकलं असेल तर स्प्रिंग आधी पीळ खाते आणि मग 'टंग' करून सुटते.
३. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर. ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्समधून पुढे घेताना एकच 'थड'.
४. शॉकअप. बॉनेट दाबून सोडायची परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला नाही. धूळ चिकटलेला हलका ओलसरपणा चालतो, तेलाचा ओघळ असेल तर शॉकअप संपला.

टायरवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. ते सांगा. हवा किती भरता तेही सांगा.

---

टो_इन_टो_आउट

बुवांच्या यादीला माझी पूर्ण सहमती. मी ३५ मिमीवर बोलतो.

आराम आणि खाली बसलेली गाडी यांच्यातलं भांडण मुख्यतः ट्रॅव्हलचं आहे, म्हणजे चाकाला वर जायला किती जागा उरते त्याचं. ते घरीच मोजता येतं. पुढच्या शॉकअपचं रबरी बूट वर सरकवा. चकचकीत रॉडवर एक केबल टाय घट्ट बांधून तो खाली नळकांड्याला टेकवून ठेवा. गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी असताना नळकांड्यापासून बंप स्टॉपच्या (सस्पेन्शन पूर्ण दबताना आडवा येणारा रबरी ठोकळा) खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. ही तुमची मोकळी जागा. मग रोजच्या रस्त्यावर रोजच्या भारात फिरून या. टाय जिथवर सरकला तिथवर चाक गेलं होतं.

गाडी ३५ मिमी खाली घेतली की ही मोकळी जागाही ३५ मिमीने घटते. मग गाडी सतत बंप स्टॉपवर चालते आणि लोक म्हणतात "स्प्रिंग फार कडक आहेत." स्प्रिंग बिचारी निर्दोष असते, पाठीत बसणारा धक्का रबराचा असतो.

म्हणूनच लोअरिंग स्प्रिंग थोडी कडक देतात. किती कडक चालेल? समजा एका चाकावर गाडीचं ३०० किलो वजन आहे आणि चाकापाशी कडकपणा २० न्यूटन प्रति मिमी. गाडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा झुलेल. कडकपणा २५ टक्के वाढवला तर १.४५. हा फरक जाणवतो, पण मागे बसलेला माणूस कुरकुर करत नाही. मात्र तोच जुना शॉकअप या स्प्रिंगला साधारण ११ टक्के अपुरा पडतो. ८२,००० किमी चाललेला शॉकअप आधीच त्याहून कितीतरी ढिला झालेला असतो. म्हणून फक्त स्प्रिंग बदलणं हा तुमच्या गाडीसाठी पर्यायच नाही.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. सिटीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.६ मीटर आहे. गाडी बरोबर मधोमध आली तेव्हा चाकंही उतारावर असतात, त्यामुळे पोटाखालचे फक्त ५ सेंटिमीटर खर्च होतात. असा गतिरोधक तुम्हाला काही करणार नाही. पण आपल्याकडच्या गल्लीत फूट-दीड फूट रुंदीचे डांबराचे उंचवटे असतात. तिथे चाकं खाली सपाटीवर आणि उंचवटा पूर्ण उंचीने पोटाखाली. सिटीचा क्लिअरन्स (पोटाखालची उंची) १६५ मिमी. ३५ गेले, १३० राहिले. चार माणसं आणि डिकीत सामान म्हटल्यावर आणखी ३०-३५ मिमी धरा. उरले दहा सेंटिमीटरच्या आसपास, आणि गाडी पुढे डोलली तर तेही नाहीत. कोल्हापूरला जाताना मागे आई-बाबा असतील तर ३५ विसरा.

डोळ्यांना खुपते ती फट, क्लिअरन्स नव्हे. फट भरायची दुसरीही वाट आहे. १८५/५५ आर१६ चा घेर काढा: एकूण व्यास ६१० मिमी, बाजूची भिंत १०२ मिमी. १९५/५५ आर१६ घेतला तर व्यास ६२१, भिंत १०७. फट साडेपाच मिमीने कमी होते, पोटाखालची उंची तेवढीच वाढते आणि खड्ड्यात गादीही जास्त मिळते. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग आधीपेक्षा पावणेदोन टक्के जास्त असेल, एवढीच किंमत. टायर बदलायची वेळ झालीच असेल तर २० ते २५ मिमीची स्प्रिंग आणि हा टायर. बघणाऱ्याला २५ ते ३० मिमी खाली वाटते, पोटाखालचे जातात फक्त १५ ते २०.

---

निळी_सिटी (पुणे)

दोघांनाही धन्यवाद, सगळं तपासून आलो.

डाव्या लिंक रॉडचा बॉल जॉइंट हातानेच खुळखुळतो. पुढचा डावा शॉकअप ओघळ आलेला, उजवा ओलसर. मागचे दोन्ही कोरडे. बेअरिंगचा 'टंग' नाही. टायरवर ३११८. पेट्रोल पंपावर सगळीकडे ३६ भरून घेतो.

केबल टाय: पुढे मोकळी जागा ४२ मिमी, आणि टाय थेट बंप स्टॉपला जाऊन चिकटला. म्हणजे मूळ उंचीवरच तळ गाठतेय?

---

टो_इन_टो_आउट

टेकतेय, हो. पण मेलेल्या शॉकअपने चाकाला अडवलंच नाही म्हणून. नवीन शॉकअपवर तोच टाय पुन्हा बांधून बघा, बराच खाली थांबेल.

३११८ म्हणजे २०१८ च्या ३१व्या आठवड्याचे टायर. रबर दगड झालेलं असणार. खोबणी शिल्लक दिसत असली तरी बदला. आणि ३६ पीएसआय कशासाठी? ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर आहे, त्यावरचा आकडा भरा, तोही सकाळी गाडी थंड असताना. तुमच्या निम्म्या तक्रारी फुकटात हलक्या होतील. पंपावरचा पोऱ्या "पस्तीस-छत्तीस ना?" विचारतो आणि आपण मान डोलावतो, ही राष्ट्रीय सवय आहे.

---

कॉइलओव्हर_कट्टा

माझं मत वेगळं. ७० हजारांत स्प्रिंग, चार शॉकअप आणि टायर बसवताना ओढाताण होईल. टायर सहा महिने थांबू द्या आणि सुरुवातीच्या किमतीचा कॉइलओव्हर सेट बघा. उंची हवी तशी ठरवता येते, कोल्हापूरला जाताना वर घेता येते, शॉकअपचे क्लिक (घट्टपणाच्या पायऱ्या) कमी-जास्त करता येतात.

---

बुशिंग_बुवा

कट्टा, कॉइलओव्हरशी माझं वैर नाही, पण या माणसाच्या वापरात बसत नाहीत. उंची बदलली की टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलीत तो कोन) बदलतो, म्हणजे दर वेळी अलायनमेंट. प्रवासाआधी वर आणि आल्यावर खाली कुणी करत नाही. एकदा लावतात आणि मग मळलेले आटे तसेच गंजतात. आपल्या पावसात आणि चिखलात दर मोसमाआधी आटे ब्रशने साफ करून अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावलं नाही तर उंची ठरवणारी कॉलर हलतच नाही, हातोडा-छिन्नीने तोडावी लागते.

दुसरं, स्वस्त सेटमध्ये उंची फक्त स्प्रिंगखालची वाटी फिरवून बदलते. वाटी खाली घेतली की ट्रॅव्हल गेला, जास्तच खाली घेतली तर चाक लटकताना स्प्रिंग सैल पडते. ज्यात खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, त्यात ट्रॅव्हल शाबूत राहतो, पण तो या बजेटमध्ये मिळणं कठीण. आणि क्लिक फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही.

टायर मात्र थांबवू नका. आरामात त्यांचा वाटा मोठा आहे.

माझी यादी लिहून घ्या:

लोअरिंग स्प्रिंगचा सेट, ४ नग, पुढे २५ आणि मागे १५ ते २० मिमी. मागे कायम दोन माणसं असतील तर दोन्हीकडे सारखी उतरवू नका. भार पडला की मागची बाजू आणखी बसते, नाक वर येतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात.
शॉकअप पुढे २, मागे २. मागचे कोरडे असले तरी वय तेच आहे, आणि पुलाच्या सांध्यावरचं झुलणं त्यांचंच. पेटीवर कोणत्या स्प्रिंगसाठी आहे ते वाचा. बिल्स्टाइनचंच उदाहरण घ्या: बी४ मूळ गाडीच्या तोडीचा, बी६ मूळ उंचीवर जास्त पकड देणारा, आणि खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड रॉडचा बी८. इतर कंपन्यांतही असे थर असतात. २५ मिमीपर्यंत मूळ लांबीचा, जरा घट्ट शॉकअप पुरतो. मात्र चाक पूर्ण लटकलं तरी स्प्रिंग वाटीत घट्ट राहते ना, हे जोडतानाच बघायचं.
स्ट्रट माउंट २, बेअरिंग २. बेअरिंग आज चांगलं असलं तरी घ्या, नंतर तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उघडावं लागेल.
बंप स्टॉप आणि बूट, पुढे २ संच, मागे २.
लिंक रॉड २. एकच बदलू नका.
स्प्रिंगखालची-वरची रबरं, फाटली असतील तेवढी. नायलॉनचे सेल्फ-लॉक नट सगळे नवे.

लोअर आर्मचे बुश पान्याच्या दांड्याने हलवून बघा. चिरलेले असतील तर याच वेळी, नसतील तर पैसे टायरला.

काम होताना तुम्ही तिथे उभे राहा आणि या गोष्टींवर नजर ठेवा.

सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा, टाकीत पेट्रोल किती ते पण. नंतर "किती उतरली" यावर वाद नको. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांभोवती रंगाची खूण करून घ्या. बोल्ट निघाले की नकल बाहेर झुकतं आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट ओढला जातो, म्हणून ते तारेने बांधायचं. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर क्लिपमधून आधीच मोकळी.

रॉडचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय उघडायचा नाही, यात चर्चा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मारते. नव्या शॉकअपवर हाच नट इम्पॅक्ट गनने मारला तर रॉड आतल्या आत गरगर फिरतो आणि सील खराब होतं. रॉड ॲलन कीने धरायचा, नट पान्याने. पकडीने रॉड धरणाऱ्याच्या हातातून पकड काढून घ्या. क्रोमवर नखाएवढा ओरखडा आला तरी तो प्रत्येक झटक्याला सील कापत राहतो.

ट्विन ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉकअप आडवा पडून आलेला असतो, आत हवा तेलात मिसळलेली असते. बसवण्याआधी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा. स्प्रिंगवरची अक्षरं सुलटी वाचता आली पाहिजेत, खालचं टोक वाटीच्या पायरीला लागलेलं.

बंप स्टॉप कापायचा की नाही हे स्प्रिंगसोबतच्या कागदावर असतं. कापायचाच असेल तर वरच्या जाड बाजूने. खालचं निमुळतं टोक हळूहळू दबणारं असतं, तेच उडवलं तर टेकताना हातोडा बसल्यासारखं लागतं.

मागे सोपं आहे. बीमला खालून जॅक, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले, जॅक हळू उतरवला की स्प्रिंग हाताने निघते. ब्रेकचे होज आणि हँडब्रेकच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, तेवढं बघा.

आणि सगळ्यात जास्त चुकतं ते हे: लोअर आर्मचे, बीमचे आणि मागच्या शॉकअपच्या डोळ्यातले रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळायचे नाहीत. रबर लोखंडाला चिकटवलेलं असतं. लटकत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली आल्यावर ते कायम पीळ खाऊन बसतं, थोड्या महिन्यांत फाटतं आणि तोवर गाडी उगाच कडक लागते. चाकाखाली भार देऊन, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर असताना शेवटचा टॉर्क द्यायचा, म्हणजे मोजून आवळायचं. आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा, मिस्त्रीच्या मनगटातून नाही.

---

कायदा_आणि_क्लच

आरटीओचं विचारलंत. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल रोखतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२ए(४) खाली मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच तोडीचा शॉकअप ही दुरुस्ती झाली, उंची बदलणं हा बदल. २० मिमीसाठी रस्त्यात कुणी टेप लावत नाही हे खरं, पण अपघाताच्या दाव्यात विम्याचा सर्व्हेअर लावू शकतो. विमा कंपनीला आधी लेखी विचारा, टायरच्या मापाबद्दलही. आणि मूळ स्प्रिंग भंगारात देऊ नका.

---

निळी_सिटी (पुणे)

ठरलं. पुढे २५, मागे १५, चार शॉकअप, १९५/५५. विमा कंपनीला ई-मेल टाकतो, उत्तर आल्यावर ऑर्डर. अलायनमेंट त्याच दिवशी करू की थांबू?

---

टो_इन_टो_आउट

दोनदा. त्याच दिवशी एकदा, कारण उंची उतरली की टो हमखास सरकतो आणि टायर खाण्यात टोचा हात कॅम्बरपेक्षा (समोरून बघता चाकाचा आत-बाहेरचा कल) मोठा. मग ५०० ते ८०० किमीनंतर पुन्हा. नवी स्प्रिंग तोवर काही मिमी आणखी बसते.

छापील कागद मागून घ्या. पुढचा टो शून्याच्या आसपास, दोन्ही बाजूंना सारखा. कॅम्बर उणे एक अंशापर्यंत आला तर चिंता नको. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर स्ट्रटच्या त्या दोन बोल्टांच्या भोकातली ढील वापरून बघा, पुरली नाही तर वरच्या भोकात कॅम्बर बोल्ट. मागे बीम आहे, तिथे फिरवायला काहीच नसतं. मागचे आकडे कागदावर हिरव्यात, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत नसतील तर बीम किंवा हब वाकलंय, आणि अलायनमेंटवाला "मागचंही सेट केलं" म्हणाला तर बिल देण्याआधी कुठला बोल्ट फिरवला ते दाखवायला सांगा.

हेडलाइट त्याच दिवशी भिंतीवर पाडून बघा. पुढची बाजू मागच्यापेक्षा दहा मिमी जास्त उतरतेय, झोत जवळ पडेल.

---

बुशिंग_बुवा

१९५ चा टायर बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून, मागे चार जण बसवून आतल्या लायनरला (फेंडरखालचं प्लास्टिकचं आवरण) कुठे घासतोय का बघा. घासला तर लायनरवर काळा पट्टा उमटतो. आणि बूट पुन्हा वर सरकवून केबल टाय बांधायला विसरू नका, आकडे इथे टाका.